फॉरमॅट मारण्याआधी डबा उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हं तापायला लागली की तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानांपुढे मोटरसायकलवर मांडीत उभे धरून आणलेले सीपीयू दिसायला लागतात. तक्रार ठरलेली, 'चालता चालता बंद पडतो.' बऱ्याच ठिकाणी इलाजही ठरलेला, 'विंडोज उडाली, फॉरमॅट मारतो.' पोरीच्या प्रोजेक्टची फाइल, लग्नाचे फोटो, पीकविम्याच्या पावत्या, सगळं पुसलं जातं. मशीन घरी येतं, चार दिवस बरं चालतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा खट. चार दिवस तरी बरं का चाललं? ने-आण करताना थोडी धूळ झडली, केबली काढून घातल्यानं सैल जोड घट्ट बसले, म्हणून. विंडोजचा त्यात काही हात नव्हता. आम्ही याच धंद्यातली माणसं, म्हणून हे पत्र. चालू कॉम्प्युटर एकाएकी विझणं हे दुखणं बहुधा विजेचं नाहीतर उष्णतेचं असतं आणि एक स्क्रू-ड्रायव्हर, एक कोरडा ब्रश एवढ्यावर ते घरच्या घरी पुष्कळसं ओळखता येतं.

आधी 'बंद पडतो' म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. पंखा, दिवे, आवाज सगळं एका क्षणात गेलं, तर वीज तुटली किंवा मदरबोर्डनं स्वतःला वाचवायला ती तोडली. निळा पडदा येऊन त्यावर इंग्रजी अक्षरं दिसली आणि मग मशीन पुन्हा सुरू झालं, तर ते रॅम, हार्ड डिस्क किंवा ड्रायव्हर (सुटे भाग चालवणारा प्रोग्राम) यांच्याकडचं. मॉनिटर काळा, पण कॅबिनेटमधला पंखा फिरतोच आहे, तर कॉम्प्युटर बंद पडलेलाच नाही; मॉनिटरची केबल हलवून बघा. पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकत असेल तर तो नुसता झोपलाय, कीबोर्डचं एक बटण दाबलं की उठतो. हे हसण्यावारी नेऊ नका, फॉरमॅट झालेल्या मशिनांत अशा झोपाळूंचाही नंबर लागलेला असतो.

एक गोष्ट मात्र फसवी आहे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' नावाची सेटिंग असते. ती 'ऑफ' असेल तर लाइनचा झटका बसताच कॉम्प्युटर बंद पडून तसाच राहतो. 'ऑन' असेल तर त्याच झटक्यानं बंद होऊन आपोआप सुरू होतो. दुखणं एक, दिसतं दोन तऱ्हांनी. शेजाऱ्याचा रिस्टार्ट होतो आणि आपला बंद पडतो, म्हणजे रोग वेगळा, असं धरून चालू नका.

आठ दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात नोंद ठेवा. किती वाजता गेला, सुरू करून किती वेळ झाला होता, घरात पिवळा बल्ब असेल तर तो त्या क्षणी मंद झाला का, यूपीएस ओरडला का, लगेच उठला की थांबावं लागलं. यातूनच निम्मं निदान निघतं. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत जात असेल, तर प्रोसेसरवरचा हीट सिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, सैल आहे. पाऊण-एक तासानं आणि दुपारीच जात असेल, तर धूळ आणि उकाडा. रोज ठरावीक वेळेला जात असेल, तर लाइन. बटण दाबल्यावर दर वेळी मोजून चार-पाच सेकंदांत जात असेल, तर पॉवरचं बटणच आत अडकलंय, कारण बटण चार सेकंद दाबून धरलं की बंद व्हायचं हा मदरबोर्डचा नियमच आहे. आणि बरोबर तासातासाला, घड्याळ लावल्यासारखा जात असेल, तर त्याची गंमत पुढे सांगतो.

विंडोजला दोषी ठरवण्याआधी एक फुकटची परीक्षा घ्या. सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, काही मशिनांना एफ१ किंवा एफ१० लागतं. बायोसचा पडदा आला की काहीही न बदलता अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा. इथं विंडोज सुरूच झालेली नसते. इथेही बंद पडला तर फॉरमॅटनं काही होणार नाही, ही काळ्या दगडावरची रेघ. त्याच पडद्यावर 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा 'पीसी हेल्थ' असं पान असतं. तिथं प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. उन्हाळ्यात ५०-६० अंश दिसले तर काळजी नको. आकडा चढत चढत ९० च्या पुढे गेला आणि मग विझला, तर चोर सापडला. इथं तासभर तगला म्हणून वीजपुरवठा निर्दोष सुटला असं मात्र नाही, बायोसमध्ये मशिनवर फारसा भारच नसतो.

आता उष्णतेचं. 'आतली धूळ साफ करा' एवढा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आपल्या भागातली धूळ वेगळी आहे. वेचणीचा कापूस भावाची वाट बघत दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत घरात असतो, बरेचदा कॉम्प्युटर असलेल्याच खोलीत, आढ्याला टेकलेला. त्याचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि प्रोसेसरवरचा पंखा ते दिवसभर ओढत राहतो. साधी धूळ पात्यांवर बसते, दिसते. तंतू पात्यांच्या मधून आरपार जातात आणि खालच्या अॅल्युमिनियमच्या पाकळ्यांवर अडकतात. त्यावर सोयाबीनच्या मळणीचं बारीक कुटार, तुरीचा भुसा, चुलीचा धूर बसत जातो आणि पंखा व पाकळ्या यांच्या मधोमध घोंगडीच्या तुकड्यासारखा राखाडी थर तयार होतो. वरून बघावं तर पंखा स्वच्छ, मजेत फिरतोय. खाली हवेला वाटच नाही. म्हणून पत्रा उघडून, दोन फुंकरा मारून 'साफच आहे' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. पंखा हीट सिंकपासून वेगळा केल्याशिवाय तो थर दिसत नाही.

काम असं करा. पिन भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत राहिलेला भार उतरतो. मागचे दोन स्क्रू काढून समोरून बघता डावीकडचा पत्रा मागे सरकवा. प्रोसेसरवरचा पंखा चार कोपऱ्यांच्या स्क्रूंनी किंवा प्लास्टिकच्या खाचांनी बसवलेला असतो. तेवढाच काढा, हीट सिंक जागेवर राहू द्या. तो थर चिमट्यानं एका कडेला धरला की बरेचदा अख्खा पापुद्रा सुटून येतो. उरलेलं कोरड्या, दीड इंची रंगाच्या ब्रशनं पाकळ्यांच्या दिशेनं झाडा, आडवं नाही. ब्लोअर असेल तर उत्तम, फक्त मारताना पात्यांत पेन्सिल अडकवा. हवेच्या जोरानं पंखा भलत्या वेगानं फिरला तर बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं हवा मारून घ्यायची पद्धत आहे, ती सोडून द्या. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि हवेबरोबर तेही बोर्डवर येतं. एसएमपीएसच्या, म्हणजे लाइनची वीज मशिनला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याच्या, जाळीतही तोच कापूस असतो, तो बाहेरूनच ब्रशनं ओढून काढा.

थर काढूनही तापमान उतरत नसेल तर हीट सिंक हलक्या हातानं हलवून बघा. डुगडुगला, तर बसण सुटलेली आहे. इंटेलच्या जुन्या मशिनांत तो चार प्लास्टिक पिनांवर उभा असतो आणि खेड्यातल्या रस्त्यानं दहा-वीस किलोमीटर हादरे खाऊन आलेल्या मशिनची एखादी पिन निसटलेली असतेच. पिनेच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवली की ती सुटते. बसवताना उलट फिरवून पूर्ववत करायची आणि कर्णरेषेतल्या दोन-दोन पिना एका वेळी दाबायच्या. प्रत्येकीचा 'टक' ऐकू आला पाहिजे. एएमडीच्या पिनांच्या प्रोसेसरवरचा हीट सिंक सरळ वर ओढू नका. आधी मशीन दहा मिनिटं चालवून प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधली पेस्ट कोमट करा, मग भिंतीतली पिन काढून हीट सिंक डावी-उजवीकडे पिळत सोडवा. नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. हीट सिंक एकदा उचलला की जुनी पेस्ट कामाची राहत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडानं दोन्ही बाजू लख्ख पुसा आणि नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवा. जास्त थापली म्हणजे जास्त थंड राहील असं नसतं. दोन धातूंमधल्या बारीक फटी भरणं एवढंच तिचं काम.

हीट सिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करत नाही, हेही ध्यानात असू द्या. तो फक्त फरक राखतो. डिसेंबरात खोली २५ अंश आणि काम करताना प्रोसेसर ६० अंश, म्हणजे फरक ३५ चा. तेच मशीन, तेच काम, मे महिन्यात टिनाच्या छपराखाली खोली ४५ वर गेली की प्रोसेसर ८० वर. त्यात कापसाच्या थरानं फरक वीस अंशांनी वाढवला की शंभरी गाठली. शंभराच्या आसपास प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, माउस अडखळायला लागतो. तरी तापतच राहिला तर वीज तोडली जाते. म्हणून मे महिन्यात वारंवार पडणारं मशीन मृगाचा पाऊस पडला की आपोआप सुधारतं आणि गुण फॉरमॅटला मिळतो.

कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात सीपीयू ठेवू नका, मागची जाळी आणि भिंत यांत वीतभर जागा सोडा, चालू असताना वर कपडा टाकू नका. कुलरच्या बाबतीत मात्र दोन्हीकडून पंचाईत आहे. खोली थंड व्हायला तो हवा, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत जाऊन वाळले की बोर्डवर पांढरा क्षार धरतो आणि पिनांना गंज लागतो. कुलर बाजूला, चार-पाच फूट अंतरावर, आणि एक खिडकी उघडी. आणखी एक, मागचा एखादा रिकामा स्लॉट उघडा असेल तर त्यावर पत्र्याची पट्टी बसवा. ऊब शोधत पाल आत शिरते आणि बोर्डवर किंवा एसएमपीएसमध्ये भाजून मरते. ती शॉर्टही तिथंच करून ठेवते.

उष्णतेइतकाच मोठा दुसरा वाटेकरी म्हणजे लाइन. घरात २३० व्होल्ट यावेत. दहा टक्के इकडेतिकडे धरले तर २०७ ते २५३. गावठाण फिडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या लाइनवर, हे बहुतेक जमतं. शेतातल्या घराला कृषी फिडरवरून लाइन असेल तर रब्बीच्या ओलिताच्या दिवसांत गणित बदलतं. थ्री फेज आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटरा एकदम उठतात, कारण स्टार्टरला ऑटो स्विच लावलेले असतात. मोटर उचलताना आपल्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. दहा-बारा मोटरा एका दमात उचलल्या की काही सेकंद व्होल्टेज बसतं. एलईडी बल्ब मिचकतही नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. कॉम्प्युटर मात्र आडवा होतो. त्याचं कारण एसएमपीएसच्या आत आहे. तिथल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये लाइन पूर्ण तुटली तर मशीन १६-१७ मिलिसेकंद तगेल एवढाच साठा असतो, तोही व्होल्टेज पूर्ण असताना. हा साठा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. घरात १७० च येत असतील तर तो जवळपास निम्मा झालेला असतो आणि एरवी पचून गेला असता असा बारीकसा झटकाही मग पुरतो. दुकानात छान चालणारं मशीन घरी नेलं की बंद पडतं, ते यामुळे.

बोर्डात खोचायचं छोटं डिजिटल व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. ते कॉम्प्युटरच्याच बोर्डात लावून ठेवा आणि कॅलेंडरवर वेळेसमोर आकडा लिहा. रोज संध्याकाळी १८० च्या खाली जात असेल तर मशिनवर खर्च करण्याआधी १९१२ या क्रमांकावर वीज तक्रार नोंदवा, वेळ आणि आकडे सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. 'व्होल्टेज कमी येते' एवढ्यावर लाइनमन येऊन टेस्टर लावून जातो. टेस्टर १५० व्होल्टलाही तसाच पेटतो. आकडा मात्र काही न लावता-काढता १८० वरून २७० वर आणि पुन्हा खाली असा झुलत असेल, तर डीपीवरचं न्यूट्रल सैल असू शकतं. त्या दिवशी पिनच काढून ठेवा. न्यूट्रल पूर्ण तुटलं तर घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं आणि मग कॉम्प्युटर एकटाच जात नाही, टीव्ही, फ्रिजही जातात.

यात सगळ्यात स्वस्तातलं दुखणं म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड. एकाच बोर्डवर कुलर, मोबाइलचे चार्जर आणि कॉम्प्युटर, कुलरचा पंप चालू केला की सॉकेटात ठिणगी. पिन काढून बघा. पितळ काळवंडलेलं, प्लास्टिक तपकिरी झालेलं असेल तर बोर्ड फेकून द्या. सीपीयूच्या मागची जाड केबलही हलवून बघा, ती खोबणीत सैल असली की टेबलाला धक्का लागला तरी मशीन जातं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर जो थोडा करंट येतो त्याला जमिनीत जायला वाट उरलेली नाही. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात चार-पाच व्होल्टपेक्षा जास्त दिसले तरी तीच शंका. मुरमाड जमिनीतला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, तिथं आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा.

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त असणारेच जास्त फसतात. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांची धनी. तापमान दर १० अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्या हिशेबानं आपल्याकडे तेवढंही नाही. मेलेली बॅटरी लाइन असेपर्यंत गप्प असते, दिवा हिरवाच राहतो. व्होल्टेज जरा बसलं की यूपीएस बॅटरीकडे वळतो आणि तिथं काहीच नसतं. म्हणजे जो झटका एसएमपीएसनं एकट्यानं सोसला असता, त्या झटक्यालाही मशीन जातं. यूपीएस काढून थेट लाइनवर चालवल्यावर कॉम्प्युटर कमी वेळा पडायला लागला, तर हेच झालंय.

बॅटरी तपासायला कॉम्प्युटर लावू नका. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या, कोंबड्यांची शेड असलेल्यांकडे अजून मिळतो. एलईडीनं ही परीक्षा होत नाही, तो भारच घेत नाही. यूपीएस आठ तास चार्ज करा, मागच्या सॉकेटात बल्ब लावा, पेटवा आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढा. बॅटरी नवी असेल तर बल्ब पंधरा-वीस मिनिटं निघतो. पाच मिनिटं निघाला तर काम बंद करायला तेवढा वेळ पुरतो, पण बॅटरीचा निरोप जवळ आलाय. क्षणात किंवा मिनिटाच्या आत विझला, तर तो यूपीएस म्हणजे नुसती पेटी. मीटरवर बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते यावर जाऊ नका. बल्बचा भार असताना ती लगेच १०.५ च्या खाली कोसळते का, ते बघायचं. बदलताना लाल तार अधिकवर, काळी उण्यावर. आणि फुगलेली बॅटरी खोक्यात अडकली असेल तर स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच नको. ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद ३६० वॅटच्या आसपास. प्रिंटरचा फ्यूजर तापताना एका झटक्यात त्याहून जास्त ओढतो आणि पानाऐवजी कॉम्प्युटर जातो. घरच्या मोठ्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर त्याच्या मागची 'यूपीएस मोड' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' अशी कळ बघा. नॉर्मलमध्ये तो फार कमी व्होल्टेजपर्यंत लाइनच पुढे देत राहतो आणि बदलायलाही वेळ घेतो. पंख्याला ते चालतं, कॉम्प्युटरला नाही.

लाइन चांगली, यूपीएस चांगला, तापमान ठीक, तरी जातो, मग एसएमपीएस. '४५० वॅट' लिहिलेला डबा हातात घेतल्यावर पिसासारखा हलका लागला तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. चांगल्यात तांबं आणि हीट सिंकचं वजन असतं. मागच्या जाळीपुढे कागदाची पट्टी धरा. ती बाहेर फडफडली पाहिजे. लोंबतच राहिली तर त्याचा पंखा धरलाय. हार्ड डिस्ककडे जाणाऱ्या जुन्या चार तारांच्या पिनेत पिवळी आणि काळी यांत ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळी यांत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत, तेही एखादा व्हिडिओ चालू असताना. एक खूण विसरू नका: बंद पडल्यावर बटण कितीही दाबलं तरी उठत नाही, पण पिन काढून मिनिटभरानं घातली की उठतो. असं असेल तर एसएमपीएसनं शॉर्ट किंवा जादा भार बघून स्वतःला कुलूप लावून घेतलंय. मग हार्ड डिस्क, डीव्हीडी, पुढचे यूएसबी एकेक काढून बघायचं आणि शेवटी दुसरा एसएमपीएस लावून. एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही काही वेळ राहतात. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या भोवती उभे असलेले कपॅसिटर मात्र नुसते बघण्यासारखे असतात. माथा सपाट हवा. घुमट आलेला, चिरलेला किंवा तपकिरी चिकट झालेला दिसला तर तो बोर्ड कधी चालणार, कधी नाही. कुशल हातानं ते बदलता येतात.

बारीकसारीक राहिलं. पॉवरचं बटण अडकल्याचा संशय आला तर पुढच्या बटणाची बोर्डवरची 'पॉवर स्विच' अशी दोन तारांची पिन काढा आणि त्या दोन खुंट्यांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून सुरू करा. चालत राहिला तर बटण बदला. पडद्यावर 'यूएसबी ओव्हर करंट', पंधरा सेकंदांत बंद होणार, असं इंग्रजीत येत असेल तर पुढच्या यूएसबीच्या आतली पट्टी वाकून पत्र्याला टेकलीय. त्या पोर्टची केबल बोर्डवरून काढून टाका. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबरानं घासणं चांगलंच, पण रॅम खराब असली की सहसा निळा पडदा किंवा रिस्टार्ट होतो, एकदम काळोख नाही. बोर्डवरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी संपली तर तारीख चुकते. तिनं चालतं मशीन बंद पडत नाही, उगाच बदलू नका.

विंडोजची बाजूही ऐकून घेऊ. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टम' उघडा. ६००८ क्रमांकाच्या नोंदीत मशीन नेमकं किती वाजता गेलं ते असतं. कॅलेंडरवरच्या व्होल्टेजशी ताडून बघा. ४१ क्रमांकाची 'कर्नल पॉवर' नोंद दाखवून 'विंडोज करप्ट आहे' म्हणणारे आहेत. ती नोंद मशीन पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि 'मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो' एवढंच सांगते. तिच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेक कोड' बघा. तो शून्य असेल तर निळा पडदा न येताच मशीन गेलं, म्हणजे पुन्हा वीज नाहीतर उष्णता. दुसरा आकडा असेल तर ड्रायव्हर आणि रॅमकडे वळा. १०७४ असेल तर कुठल्या तरी प्रोग्रामनं मुद्दाम बंद केलं, आणि त्याचं नावही तिथं असतं. तासातासाला बंद पडण्याची गंमत इथंच सापडते. कुणी फॉरमॅट मारताना ९० दिवसांच्या चाचणीची एंटरप्राइज विंडोज टाकून दिली असेल तर मुदत संपल्यावर ती दर तासाला मशीन बंद करते. हा एवढाच फॉरमॅटचा खरा रुग्ण, आणि तोही फॉरमॅटनंच आजारी पाडलेला. २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा व्हायरस साठ सेकंद मोजून कॉम्प्युटर रिस्टार्ट करायचा. 'बंद पडतो म्हणजे व्हायरस' ही समजूत बहुधा तिथून चिकटलीय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणूनही कुणाचं मशीन विझत नाही.

वळवाचं आभाळ आलं की भिंतीतली पिन आणि इंटरनेटची तार दोन्ही काढायच्या, वीज तारेवाटेही येते.

एवढं करून मशीन दुकानात न्यायची वेळ आलीच, तर कॅलेंडरचं पान मोबाइलवर काढून सोबत न्या आणि आधी सांगा की बायोसमध्ये बंद पडतो की नाही. काढलेला भाग परत मागा. फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नका. आणि मोटरसायकलवर नेताना सीपीयू उभा धरू नका. मागे बसणाऱ्यानं तो मांडीवर आडवा ठेवायचा, उघडणारा डावा पत्रा वर येईल असा, खाली घडी केलेली गोधडी. म्हणजे हीट सिंकचं वजन बोर्डवर दाबून राहतं, पिनांवर लोंबकळत नाही.

आपले,
कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातले दोन वाचक
घाटंजी, जि. यवतमाळ